धोंड्याच्या महिन्याचा हप्ता

पेण तालुक्यातल्या गणपतीवाल्यांचं वर्ष एक जानेवारीला सुरू होत नाही, एक एप्रिललाही नाही. अनंत चतुर्दशी झाली, शेड झाडून काढली, उरलेल्या मूर्तींवर प्लास्टिक टाकलं की नवं वर्ष. मी इथे छोट्या धंद्यांची हिशेबाची आणि कराची कामं करतो, आणि ही साधी गोष्ट कळायला मला चारेक वर्षं लागली. ज्यांच्यामुळे कळली त्यांचं हे प्रकरण. ते हमरापूर-जोहे पट्ट्यातले, वडिलांपासून कारखाना. नाव देत नाही, आकडे गोल केलेत. मी त्यांना दादा म्हणतो, त्यांच्या मिसेसना वहिनी.

इकडे ‘कारखाना’ म्हणजे पत्र्याची शेड, मागे पडवी आणि सीझनला सात माणसं. घरगुती गणपती, आठ इंचापासून दोन फुटांपर्यंत, शाडू आणि पीओपी दोन्ही. वर्षाला पंधराशेच्या आसपास मूर्ती जातात. त्यातल्या बाराशे घाऊक, सरासरी ६५० रुपयांनी, आणि तीनेकशे शेडवरून थेट गिऱ्हाइकाला, सरासरी १,८०० ने. विक्री १३ लाख २० हजार. माती, पीओपी, काथ्या, रंग, साचे, मजुरी, भाडं, लाइट असा खर्च ७ लाख ९० हजार. म्हणजे ५ लाख ३० हजार सुटतात. घराला महिना २० हजार लागतात. कागदावर हा माणूस कधीच कर्जात असायला नको.

२०२३ च्या पितृपक्षात दादा माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर पाच ठिकाणचं देणं होतं.

सुरुवात अर्थातच करोनाची. २०२० च्या जुलैत सरकारचा नियम आला, घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत आणि मंडळांची चार फुटांपर्यंत. दादांनी त्या वर्षी पहिल्यांदाच मोठ्या मूर्तींना हात घातला होता. पाच-सहा फुटांच्या चाळीस कच्च्या मूर्ती, म्हणजे रंग न दिलेल्या, शेडमध्ये उभ्याच राहिल्या. पुढच्या वर्षीही तीच मर्यादा होती. २०२० च्याच नोव्हेंबरमध्ये एका पतसंस्थेकडून तीन लाख काढले, १५ टक्क्यांनी, ३६ हप्ते, दर महिन्याच्या दहा तारखेला १०,४००. आजारपणातलं कर्ज असतं तसं हे. त्याला मी नावं ठेवत नाही.

नावं ठेवायची तर २०२२ च्या सप्टेंबरला. मर्यादा उठली होती, सीझन जोरात गेला, सगळी येणी वसूल होऊन हातात ४ लाख १० हजार आले. दोन वर्षं दबलेल्या माणसाच्या हातात एकदम एवढे पैसे आले की तो काय करतो? दसऱ्याला छोटा टेम्पो आला. दीड लाख रोख, उरलेल्या पावणेचार लाखांचं कर्ज, हप्ता ९,८००. जानेवारीत मुलीचं लग्न, दागिने आधीचेच होते, तरी १ लाख ६० हजार गेले. उरले एक लाख. आणि पुढची चतुर्थी होती १९ सप्टेंबरला.

सगळी मेख या तारखेत आहे. २०२२ चे गणपती ३१ ऑगस्टला बसले. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, धोंड्याचा महिना, म्हणून चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली. मध्ये ३८४ दिवस. हप्त्याची तारीख इंग्रजी कॅलेंडरची, कमाईची तारीख पंचांगाची. मधल्या प्रत्येक महिन्याची दहा तारीख मोजा: एका सीझनच्या जिवावर तेरा हप्ते. त्याच्या पुढच्या वर्षी, १९ सप्टेंबर २०२३ ते ७ सप्टेंबर २०२४, फक्त अकरा. मग बारा. मग २०२६ मध्ये पुन्हा तेरा. मी हे पाटावर खडूने लिहून दाखवलं तेव्हा दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पंचांग आमच्या घरात रोज उघडतं. हे कसं दिसलं नाही?”

शेतकऱ्याचं पीककर्ज निदान सुगीला फेडायचं असतं. मूर्तिकाराचं पीकही वर्षातून एकदाच येतं, पण त्याला मिळणारं बहुतेक कर्ज किराणा दुकानदाराच्या मापाचं असतं, घेतलं की पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. मुद्रा योजनेतून पाच लाखांपर्यंत मिळू शकले असते, दादांनी चौकशीही केली होती. मीच नको म्हटलं. व्याज कमी झालं असतं, तारीख तीच राहिली असती.

तर त्या ३८४ दिवसांत काय झालं? डिसेंबरात एक लाख संपले. मग मुंबईच्या व्यापाऱ्याकडून दोन लाखांची उचल. एप्रिलमध्ये वहिनींच्या पाटल्या आणि एक हार गहाण, १ लाख २० हजार, वर्षाला १२ टक्के. जूनमध्ये गावातल्याच एकाकडून एक लाख हातउसने, शेकडा तीन महिना. सावकारीला परवाना लागतो, त्यासाठी २०१४ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. पण ज्याच्याकडे पुढच्या जूनलाही जावं लागणार आहे त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करतो? रंगाच्या दुकानात ८५ हजारांची उधारी. आणि वर, लेकीचं लग्न होऊन सहा महिने झाले होते, त्यामुळे पहिला धोंडा त्याच वर्षी. जावयाला चांदीचं तबक, ३३ अनारसे, दोघांना कपडे. १८ हजार. ज्या महिन्याने कमाई लांबवली त्याच महिन्याने खर्चही आणला.

“सगळ्यात महाग कुठलं?” मी विचारलं. दादांनी लगेच शेकडा तीनवाल्याचं नाव घेतलं. वहिनींनी सोन्याचं घेतलं, पण ते व्याजामुळे नाही.

उचलीचं नाव कोणीच घेतलं नाही, कारण ती ‘बिनव्याजी’. व्यापारी डिसेंबरात दोन लाख देतो, जुलै-ऑगस्टमध्ये मूर्ती उचलतो आणि पैसे त्यातून वळते करतो. मी जुनी बिलं मागितली. उचल न घेतलेल्या घाऊक गिऱ्हाइकाला पंधरा इंची मूर्ती ७१० ला गेली होती. या व्यापाऱ्याला तीच ६५० ला. मूर्तीमागे ६० रुपये, नऊशे मूर्ती, ५४ हजार. दोन लाखांवर आठ महिन्यांचे ५४ हजार म्हणजे वर्षाचा दर साडेचाळीस टक्के. हातउसन्याचा ३६. म्हणजे घरात ज्याला ‘शेठ देवमाणूस आहे’ म्हणत होते तो त्या सावकारापेक्षा महाग पडत होता. शेठ लबाड होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी भाव सांगितला, यांनी मान्य केला. फक्त दोघांनीही त्याला कधी व्याज म्हटलं नाही.

त्या वर्षाच्या व्याजाची सगळी ठिकाणं मिळून बेरीज झाली १ लाख ३० हजार. उचलीचे ५४, टेम्पोचे साडेसदतीस, बाकी किरकोळ. पाच रुपये सुटले तर त्यातला एक आणि वर थोडा व्याजाला जात होता.

आता इथे कोणीही विचारेल की २०२२ मध्ये हातात आलेले पैसे माणसाने बँकेत का नाही ठेवले. त्याला पेणमध्ये वेगळं उत्तर आहे. २०१० मध्ये इथल्या एका नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या. दादांच्या वडिलांचे १ लाख ९० हजार त्यात होते. त्यानंतर या घरात पैसा म्हणजे लगेच वस्तू करून टाकायची गोष्ट झाली: सोनं, टेम्पो, साचे, पत्रे. मी बचतीचं नाव काढलं की दादा खिडकीबाहेर बघायचे. २०२० च्या फेब्रुवारीपासून ठेवीचा विमा बँकेमागे पाच लाखांपर्यंत आहे हे सांगितलं, पतसंस्थेला तो लागू नाही हेही सांगितलं. शेवटी दोन वेगळ्या बँका, दोन्हीकडे पाच लाखांच्या खूप खाली, यावर तडजोड झाली.

सर्वपित्री अमावास्या होऊन गेली होती, त्या बैठकीला हातात ४ लाख २० हजार होते. पहिला वाद टेम्पोवरून झाला. दादा म्हणाले, भाड्याचा टेम्पो ऐन वेळी मिळत नाही. खरं आहे, चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस पेण-मुंबई रस्त्यावर गाडीवाला सांगेल तो भाव. मी खेपांची डायरी काढायला लावली. वर्षभरात ३८ खेपा. भाड्याने झाल्या असत्या तर सरासरी २,२०० धरून ८४ हजारांच्या आत. उरलेले तीनशेवर दिवस टेम्पो शेडच्या बाजूला उभा होता आणि त्याच्या हौद्यात वहिनी कोकमं वाळत घालत होत्या. ऑक्टोबरच्या शेवटी तो ४ लाख १० हजारांना विकला. कर्ज आणि मुदतीआधी बंद करण्याचा आकार भरून १ लाख १० हजार हातात आले. वर्षात भरलेले होते २ लाख ६७ हजार. म्हणजे दीड लाखाला ३८ खेपा, डिझेल वेगळं. गाडी न्यायला माणूस आला तेव्हा दादा शेडमधून बाहेर आले नाहीत.

हातउसने व्याजासकट फिटले, १ लाख १२ हजार. रंगाची उधारी फिटली. पतसंस्थेचं उरलेलं देणं बाजूला काढलं. मग सोन्यावर अडलं.

माझा हिशेब सरळ होता. सोन्यावर १२ टक्के, उचलीवर चाळीस. सव्वा लाखाने सोनं सोडवलं तर तेवढ्याची उचल पुन्हा घ्यावी लागेल. म्हणून सोनं वर्षभर राहू दे, ते पैसे डिसेंबरच्या माती-रंगाला वापरा. गणित बरोबरच होतं, आणि मी ते वहिनींसमोर तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “तुझं बरोबर आहे रे. पण गौरीला मी नकली पाटल्या घातल्या, आणि जाऊबाईंनी हातात हात घेऊन बघितल्या. त्याचे किती टक्के धरलेस?”

मी धरले नव्हते. शेवटी त्यांनीच मार्ग काढला: सोनं वर्षभर राहील, पण त्याचं व्याज दर महिन्याला १,२०० रुपये रोखीने भरायचं, साठवायचं नाही, आणि पुढच्या गौरीआधी सोनं घरात. “नाही आलं तर तुझी ती वही चुलीत.”

हातात तीन लाख ठेवून २०२३-२४ चं वर्ष सुरू झालं. अकरा हप्त्यांचं आखूड वर्ष, तेही हप्ते नसताना. दोन गोष्टी बदलल्या. शेठना डिसेंबरात सांगितलं, आधी भाव लिहा, मग उचलीचं बोलू, आणि उचल ८० हजारच. शेठ रागावले, नऊशेची ऑर्डर पाचशेवर आणली. उरलेल्या चारशेचं काय करायचं हा प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता, दादांना तो दहा मिनिटांत सुटला. जानेवारी-फेब्रुवारीत कच्च्या मूर्ती काढून रोखीने विकल्या. पेणच्या कच्च्या मूर्ती बाहेरगावचे रंगारी घेऊन जातात आणि रंगवून आपापल्या गावात विकतात. नफा कमी, पण पैसा माघी गणपतीच्या सुमाराला हातात येतो, जेव्हा इथल्या प्रत्येक कारखान्यात खडखडाट असतो.

दुसरी गोष्ट पगार. कारखान्याचं खातं वेगळं केलं आणि दर महिन्याच्या एक तारखेला वीस हजार आपोआप वहिनींच्या खात्यात. मालकाला पगार! दादांना फार हसू आलं. पण आधी काय व्हायचं, गल्ल्यात पैसे असले की घर चाळीस हजारांत चालायचं आणि नसले की बारात. वहिनी म्हणाल्या, बाराचे महिने लक्षात राहतात, चाळीसचे कोणालाच आठवत नाहीत.

माझी एक चूक इथेच सांगून टाकतो. मी पूर्ण वर्षाचं पान आखलं आणि त्यात पावसाळा विसरलो. जून-जुलैत पेणला मूर्ती आपोआप वाळत नाही. शेडला प्लास्टिक मारायचं, मोठे बल्ब दिवसरात्र चालू ठेवायचे, हिटर भाड्याने आणायचे. लाइटबिल आलं तेव्हा पान २६ हजारांनी फाटलं. दादांना हे माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं ते ‘खर्च किती’ असं नाही, तर ‘आषाढात काय काय लागतं’ असं.

२०२४ च्या सीझनला विक्री कमी झाली, १२ लाख ६० हजार. पण भाव चांगले मिळाले, खर्च घटला. ११ सप्टेंबरला गौरीपूजन होतं. पाटल्या आठ दिवस आधी घरी आल्या. मला फोटो आला, त्यात गौरीपेक्षा हात जास्त दिसत होते. आवराआवर झाली तेव्हा हातात ४ लाख ३० हजार आणि देणं शून्य. या घरात हे २०२० नंतर पहिल्यांदा.

या वेळी पैसे एका ढिगात ठेवले नाहीत. सहा महिन्यांचा पगार, १ लाख २० हजार, बचत खात्यात. ७० हजारांच्या तीन मुदत ठेवी, पण मुदती धंद्याच्या तारखांना लावलेल्या: एक डिसेंबरच्या सुरुवातीला सुटणारी, माती-पीओपीसाठी, एक फेब्रुवारीअखेर, साचेवाल्यांच्या मजुरीसाठी, एक मेच्या मध्यावर, पावसाळ्यासाठी. व्याज फार मिळत नाही. इथे ठेव व्याजासाठी नव्हती, मेच्या पैशाने जानेवारीत टेम्पो येऊ नये यासाठी होती. आणि एक लाख वेगळ्या बँकेत, ज्याचं एटीएम कार्डच घेतलं नाही.

हा बंदोबस्त कितपत पक्का आहे याची परीक्षा इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. २०२५ च्या जानेवारीअखेर, माघी गणपतीच्या तोंडावर, उच्च न्यायालयाने पीओपीच्या बंदीची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. बंदीचे नियम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, २०२० चे, पण आतापर्यंत दर वर्षी काही ना काही सूट मिळत आली होती. एका आठवड्यात पेणमधला कच्च्या मूर्तींचा बाजार थंड पडला. दादांच्या शेडमध्ये पीओपीच्या साडेतीनशे मूर्ती तयार होत्या, रंगारी फोन उचलत नव्हते. पर्यावरणाची बाजू मला पटते, आणि शाडूची मूर्ती वाळवणाऱ्याचे हालही मी पाहिलेत. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

फेब्रुवारीत शेठचा फोन आला. पाहिजे तेवढी उचल देतो, मूर्तीमागे शंभर कमी. आजूबाजूच्या काहींनी घेतली, त्यांना दुसरा रस्ताच नव्हता. दादांनी कळवतो म्हणून फोन ठेवला आणि फेब्रुवारीची ठेव सोडवली. सातपैकी चार माणसं ठेवली, तीन महिने नुसती शाडू केली. मार्चमध्ये बचत खात्यातला पगार संपला, मग त्या एक लाखाला हात लागला. एप्रिल, मे दोन्ही पगार तिथून. वहिनींनी मे महिन्यात वीसचे सोळा केले, कोणी सांगितलं नव्हतं.

नऊ जूनला न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मनाई ठेवून. चतुर्थी होती २७ ऑगस्टला, मध्ये ७९ दिवस. सगळ्या महाराष्ट्रातून एकदम मागणी आली आणि दादांच्या शेडमध्ये साडेतीनशे मूर्ती वाळून तयार. पूर्ण भावाने गेल्या. शेठनीही शंभर नेल्या, ७१० ला.

तरी सगळं गोड झालं नाही. कमी केलेल्या तिघांत आखणीवाला होता. गणपतीचे डोळे आखायला जो हात लागतो तो शिकवून येत नाही, वीस वर्षं यांच्याकडे होता. तो दुसऱ्या कारखान्यात गेला आणि तिथेच राहिला. त्याला फेब्रुवारी ते मे निम्मा पगार दिला असता तर ३० हजारांत तो टिकला असता. वेगळ्या बँकेतले पैसे नेमके त्यासाठीच होते, पण आम्ही दोघांनीही त्याचा पगार ‘खर्च’ धरला. त्या वर्षी बाहेरच्याकडून आखणी करून घ्यावी लागली, मूर्तीमागे पैसे मोजून, आणि दादा प्रत्येक मूर्तीकडे बघून मान हलवत होते.

सीझन संपला तेव्हा हातात ३ लाख ४० हजार. आदल्या वर्षापेक्षा ९० हजार कमी. देणं शून्य.

आणि पुढे पुन्हा लांब वर्ष. २७ ऑगस्ट २०२५ ते १४ सप्टेंबर २०२६, ३८३ दिवस, म्हणजे पगाराची एक तारीख तेरा वेळा. या वेळी अधिक महिना ज्येष्ठात, १७ मे ते १५ जून. पितृपक्षात मी वही घेऊन गेलो तर पान आधीच आखलेलं होतं, वहिनींच्या अक्षरात. तेरा पगार, प्रत्येकी अठरा हजार. पावसाळ्याचे ३० हजार वेगळे, अधोरेखित. आखणीवाल्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आणि ‘दिवाळीआधी बोलणे’.

सगळ्यात वरची ओळ होती: ‘धोंडा. जावई. ५,०००. अनारसे घरी.’

“तबक?” मी विचारलं.

“एक दिलंय ना,” वहिनी म्हणाल्या. “तेच घेऊन यायला सांगितलंय.”